माणदेशाच्या उन्हात बर्फाचा डोंगर

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला, 'डोंगर'. सह्याद्रीवर लिहिणारे जाणते लोक पुष्कळ आहेत. किल्ले, घाटवाटा, देवराया यांच्यावर त्यांनीच लिहावं. माझ्या मनात बरीच वर्षं एक वेगळाच डोंगर ठाण मांडून होता. तो बर्फाचा होता आणि तोही चित्रातला. पोलंडच्या दक्षिण सरहद्दीवर टात्रा नावाची डोंगररांग आहे. एकोणिसावं शतक मावळताना आणि विसावं उजाडताना तिथल्या चित्रकारांनी तिचा बर्फ ज्या असोशीने रंगवला, तशी असोशी मी दुसऱ्या कुठल्या डोंगराच्या वाट्याला आलेली फारशी पाहिलेली नाही. तिथल्या दोन चित्रांच्या मोठ्या छापील प्रती पुठ्ठ्याच्या नळीत घातल्या आणि सातारा-सांगलीकडे निघालो.

जिथे बर्फ पडत नाही तिथे बर्फाचं चित्र कशाला न्यायचं, असं घरात विचारलं गेलं. न्यायला कारण होतं. ती चित्रकला, पोलंडची माणसं आणि आपला हा कोरडा मुलूख यांच्यात खरेखुरे धागे आहेत. त्यातले बरेचसे औंध संस्थानातून जातात.

पांढरा रंग शोधून दाखवा

पहिली प्रत लेऑन विचुव्कोव्स्की यांच्या १९०५ च्या पेस्टल चित्राची. टात्रातलं मोर्स्क्ये ओको हे तळं वरच्या उंचीवरून पाहिलेलं आहे. खाली गडद पाणी, भोवती चढत गेलेले कडे, कपारींतून साचलेला बर्फ. दुसरी प्रत युलियन फावात यांच्या जलरंगाची: बर्फाने भरलेला काठ आणि त्यातून वळत गेलेलं काळपट पाणी. दोन्ही चित्रं मी कराडच्या एका चित्रकला शिक्षकांपुढे पसरली. शाळेतून निवृत्त झालेले, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना पिढ्यान्‌पिढ्या बसवलेले. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, नाक कागदाला लागेल इतके वाकले आणि म्हणाले, "यात पांढरा कुठे आहे ते दाखवा बरं."

खरोखरच शोधावा लागतो. उन्हातला बर्फ पिवळसर, कुठे गुलाबी झाक असलेला. सावलीतला निळा, जांभळा, पाण्याजवळ हिरवट. याचं कारण साधं आहे. बर्फाला स्वतःचा रंग जवळपास नसतो. जो उजेड पडेल तो तो परत फेकतो. उन्हाच्या जागी सूर्याचा उबदार उजेड असतो. सावलीत सूर्य पोचत नाही, तिथे उजेड येतो तो वरच्या निळ्या आकाशाचा, म्हणून सावली निळी. फ्रान्सच्या दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांनी हे डोळ्यांनी पकडलं आणि चित्रातल्या काळ्या-करड्या सावल्या हद्दपार केल्या. त्यांच्या पाठोपाठ आलेल्या सेझान, गोगँ, व्हॅन गॉग यांचं एवढ्यावर भागेना. डोळ्याला क्षणभर दिसलं ते टिपणं पुरेसं नाही, त्याला घडण हवी, मनातला जोर हवा, असं त्यांना वाटलं. रंगाचे सपाट पट्टे, ठाशीव कडा, निसर्गात नसेल इतका गडद निळा त्यांनी वापरला. १९१० मध्ये लंडनच्या प्रदर्शनात रॉजर फ्राय यांनी या मंडळींना जे नाव दिलं त्याला आपण उत्तर-दृक्‌प्रत्ययवाद म्हणतो. पोलंडचे हे चित्रकार त्या दोन टप्प्यांच्या सांध्यावर उभे आहेत. उजेडाचं शिक्षण त्यांनी पहिल्यांकडून घेतलं आणि डोंगराला आकार देताना दुसऱ्यांच्या वाटेने गेले. त्यात जपानी ठशांची ओढ मिसळली. फावात तर १८८५ मध्ये जगप्रवासात जपानला जाऊन आले होते. जागा मोकळी सोडायची, क्षितिज वर ढकलायचं, एखादी वळणदार रेघ सगळ्या चित्रावर राज्य करील असं पाहायचं, हे त्या ओढीतून आलेलं आहे.

फावातचं चित्र पाहताना शिक्षक बराच वेळ थांबले. जलरंगात पांढरा लावायचा नसतो, कागद राखायचा असतो. जिथे उजेड हवा तिथे कुंचला जाऊच द्यायचा नाही. "पोरांना हेच जमत नाही," ते म्हणाले. "सगळा कागद भरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही आणि मग पोस्टर व्हाईटने ठिपके देत बसतात." फावातच्या बर्फाचा मोठा भाग म्हणजे न रंगवलेला कागद आहे. कडेने दोन निळ्या छटा अशा सोडल्या आहेत की मधला कोरा कागद जाड, जड, पाय रुतेल असा होतो.

पण नुसत्या कसबाने ही असोशी उलगडत नाही. १७९५ पासून १९१८ पर्यंत पोलंड हा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता. त्यातल्या त्यात मोकळीक होती ती ऑस्ट्रियाच्या हद्दीतल्या क्राकोवमध्ये, आणि टात्राचा पायथाही त्याच हद्दीत. राज्य गेलेलं, भाषेवर दोन बाजूंनी दडपण, अशा काळात पोलिश लेखक, चित्रकार, संगीतकार टात्राच्या पायथ्याच्या झाकोपाने गावी जमू लागले. कोणाच्याही फौजेला हलवता न येणारी एक गोष्ट त्यांच्याकडे उरली होती, डोंगर. सातारची गादी १८४८ मध्ये खालसा झाली तेव्हापासून इथल्या माणसाने अजिंक्यताऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं असेल, ती आठवली की टात्राच्या चित्रांतली निकड मला कळते.

चित्रं खेड्यात आणणारा राजा

औंध हे खटाव तालुक्यातलं गाव. मूळपीठ यमाईच्या डोंगरावर जाताना वाटेतच श्रीभवानी वस्तुसंग्रहालय लागतं. १९३८ मध्ये ते उभं राहिलं. उभारणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते, सूर्यनमस्कारांचे कडवे प्रचारक होते. त्यांनी चित्ररामायण रंगवलं, अजिंठा-वेरूळवर पुस्तकं लिहिली. संग्रहालयात रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, लघुचित्रं आहेत, हस्तिदंताचं काम आहे. सहा ऋतूंच्या मूर्ती आहेत. आणि हेन्री मूर यांचं 'माता आणि मूल' हे दगडी शिल्प आहे, ज्यासाठी जगातलं कुठलंही मोठं शहर हटून बसेल. मूरचं शिल्प, बाहेर ज्वारीची रानं आणि पायथ्याशी एसटीचा थांबा, हे सगळं एका नजरेत येतं तेव्हा या माणसाने काय केलं ते समजतं. उत्तम कला पाहायला मुंबईला का जावं लागावं, ती यमाईच्या दर्शनाला आलेल्या शेतकऱ्याला वाटेत का दिसू नये, या प्रश्नाचं उत्तर म्हणून ही इमारत बांधलेली आहे.

मी गेलो त्या दिवशी यमाईला आलेली कुटुंबं आत येत होती. डोक्यावर पदर घेतलेली एक आजी मूरच्या शिल्पापुढे थांबली. नातीने विचारलं, "आजी, हिला तोंड नीट का नाही?" आजी म्हणाली, "लेकरू धरलंय ना गं तिनं. मग तोंड कशाला बघायचं?" इतकं नेमकं रसग्रहण मी अलीकडे वाचलेलं नाही.

याच औंधात सातवळेकरांचं घर होतं. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर वेदांचे भाष्यकार म्हणून सर्वांना माहीत आहेत. ते जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले पट्टीचे चित्रकारही होते आणि लाहोरला त्यांचा स्टुडिओ होता. राजकारणामुळे ब्रिटिशांची नजर वळली तेव्हा ते औंधला आले आणि पंतांच्या आश्रयाने बरीच वर्षं इथे राहिले. त्यांचा मुलगा माधव १९१५ मध्ये लाहोरला जन्मला आणि औंधात वाढला. जे. जे. करून तो युरोपात गेला. फ्लॉरेन्स, लंडनची स्लेड, पॅरिसची ग्रांद शोमिएर असं शिक्षण झालं. वडिलांची चित्रकला व्यक्तिचित्रांची, गुळगुळीत, हुबेहूब. मुलाच्या चित्रांत मात्र रंग सपाट आणि ठसठशीत झाले, आकृत्यांना जाड वजन आलं. गोगँचा प्रभाव त्यांच्यावर किती खोल आहे हे बोट दाखवून सांगावं लागत नाही. पुढे ते पूर्व आफ्रिकेत राहिले, तिथली माणसं रंगवली, आणि १९६९ ते १९७५ महाराष्ट्राचे कलासंचालक होते.

आणि इथे टात्राचा धागा येऊन मिळतो. गोगँभोवती ब्रिटनीत जमलेल्या शिष्यमंडळात एक पोलिश जमीनदार होता, व्वादिस्वाव श्लेविन्स्की. जमिनीचा कारभार बुडवून, कर्ज मागे टाकून तो १८८८ मध्ये पॅरिसला पळाला. चित्रकार व्हायचं असं काही ठरलेलं नव्हतं. गोगँने त्याला चित्रकार केलं. १८९१ मध्ये गोगँने काढलेलं त्याचं व्यक्तिचित्र आज टोकियोत आहे. १९०५ मध्ये तो मायदेशी परतला, टात्राच्या पायथ्याला पोरोनिनमध्ये राहिला आणि गोगँकडून घेतलेल्या जाड, शांत रेषेने तिथली माणसं आणि डोंगर रंगवले. एका गुरूच्या हाताखालून निघालेली एक वाट टात्राला गेली. त्याच गुरूच्या चित्रांतून शिकलेली दुसरी वाट औंधच्या पोराच्या कॅनव्हासवर आली. दोघांची भेट होणं शक्यच नव्हतं. श्लेविन्स्की १९१८ मध्ये वारला तेव्हा माधवराव तीन वर्षांचे होते. पण दोघांची चित्रं शेजारी ठेवली तर सख्खी वाटतात. ती एकदा या टेकडीवर शेजारी लागावीत असं मला मनापासून वाटतं. यात अवघड असं काही नाही. पोलंडच्या संग्रहालयांनी आपली कितीतरी जुनी चित्रं उत्तम छायाचित्रांच्या रूपात सर्वांसाठी खुली केली आहेत. भिंत आपल्याकडे आहे.

कुंडलच्या माळावर

औंध संस्थान सलग नव्हतं, तुकड्यातुकड्यांचं होतं. त्यातला एक तुकडा म्हणजे आज सांगली जिल्ह्यात असलेलं कुंडल. १९१० मध्ये पंतांनी दिलेल्या तिथल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना वसवला. लक्ष्मणराव मुळात चित्रकार व्हायला जे. जे. स्कूलमध्ये गेले होते. रंगांचे काही भेद आपल्या डोळ्याला कळत नाहीत हे तिथे लक्षात आलं आणि त्यांनी रंग सोडून यंत्रांची रेखाचित्रं धरली. त्यांचा पुतण्या शंकरराव याला मात्र रंग दिसत होते आणि तो सातवळेकरांकडे चित्रकला शिकला. त्याच किर्लोस्करवाडीतून शंकररावांनी १९२० पासून 'किर्लोस्कर' मासिक चालवलं आणि चित्रकाराच्या नजरेने त्याची मुखपृष्ठं सजवली. मासिकाच्या वेष्टनातून चित्र गावोगावच्या ओसरीवर पोचू लागलं. औंधने चित्रं टेकडीवर मांडली, किर्लोस्करवाडीने ती टपालात टाकली. दोन्हींमागे एकच विश्वास होता, की पाहण्याची भूक सगळ्यांना असते.

वॉर्सॉचा इंजिनिअर

मॉरिस फ्रीडमन हा वॉर्सॉचा ज्यू, विजेचा इंजिनिअर. १९३० च्या दशकात तो बंगळुरूच्या सरकारी वीजसामानाच्या कारखान्याचा व्यवस्थापक म्हणून आला. काम सांभाळून रमण महर्षींकडे जाऊ लागला, भगवी वस्त्रं घेतली, भारतानंद झाला. औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत त्याला भेटले आणि त्याला औंधला घेऊन आले. औंधच्या राजाने आपली सत्ता रयतेच्या हाती द्यावी ही कल्पना त्याने लावून धरली. गांधीजींच्या सल्ल्याने घटना बेतली गेली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. गावपंचायत पाया, तिच्यातून तालुका, त्यातून विधिमंडळ. ७२ गावांच्या संस्थानात, ब्रिटिश अमदानीत.

त्याच माणसाची दुसरी खूण सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ आहे, स्वतंत्रपूर. गुन्ह्याची शिक्षा भोगणाऱ्यांना भिंतीआड कोंडण्यापेक्षा बायकामुलांसह माळावर वसवावं, जमीन कसू द्यावी, ही ती खुली वसाहत. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा १९५७ चा चित्रपट यावरून सुचला. त्याची कथा लिहिणारे गदिमा शेजारच्या शेटफळ्याचे. दुपारी मी तिथे पोचलो तेव्हा ऊन अंगावर कोसळत होतं. माणदेश हा पर्जन्यछायेतला मुलूख. वाळलेलं कुसळी गवत, मधूनच चुनखडीचे पांढरे डाग, बाभळ, आणि दूरवर सपाट माथ्यांचे डोंगर. एका कुटुंबाच्या ओट्यावर मी चित्रं उलगडली. घरातला कर्ता माणूस विचुव्कोव्स्कीच्या कड्यांकडे पाहत म्हणाला, "पाणी भरपूर दिसतंय. बर्फ वितळला की तेच खाली येत असणार." माझ्या डोक्यात इतका वेळ निळ्या सावल्या होत्या. त्याला डोंगर म्हणजे साठवण दिसली. टात्राच्या धनगरांना आणि शेतकऱ्यांनाही ती तशीच दिसत असणार, चित्रकार शहरातून येण्याच्या कितीतरी आधीपासून.

फ्रीडमनने चरख्यावर प्रयोग केले, धनुष तकली तयार केली. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचं इंग्रजी पुस्तक १९७३ मध्ये त्यानेच सिद्ध केलं. तो मुंबईतच वारला. वांडा डिनोव्स्का या पोलिश विदुषीबरोबर त्याने १९४४ मध्ये भारतीय साहित्य पोलिश भाषेत आणणारी एक ग्रंथमालाही उभी केली होती.

पाचगणीतली पोलिश मुलं

डिनोव्स्का बाईंचं नाव आणखी एका ठिकाणी भेटतं, निर्वासितांच्या छावणीत. १९३९ मध्ये पोलंडवर एका बाजूने जर्मनी आणि दुसऱ्या बाजूने सोव्हिएत रशिया चालून गेले. पूर्वेकडच्या लाखो पोलिश माणसांना १९४० पासून मालगाड्यांत भरून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेलं. १९४१ नंतर सुटका झालेल्यांपैकी काहीजण इराणमार्गे भारतात आले. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. मिरजेहून कोल्हापूरला जाणारी रेल्वे त्यांच्या छावणीजवळून जायची. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तिथे स्मारकस्तंभ उभा राहिला.

त्यांच्यातल्या छाती कमजोर झालेल्या मुलांना सातारा जिल्ह्यात, पाचगणीला ठेवलं गेलं. काही मुली तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या. पाचगणी क्षयरोग्यांसाठी आधीपासून प्रसिद्ध होती. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांचं बेल-एअर आरोग्यधाम तिथे १९१२ पासून होतं. आता हे पाहा. टात्राच्या पायथ्याचं झाकोपाने प्रसिद्धीला आलं ते डॉ. तितुस हाउबिन्स्की यांनी तिथली हवा छातीच्या रोग्यांना मानवते म्हणून रुग्ण पाठवायला सुरुवात केली तेव्हा. रुग्ण आले, पाठोपाठ कवी-चित्रकार आले. पाचगणी तर झाकोपानेपेक्षा कितीतरी उंचावर आहे. फरक अक्षांशाचा. तिथे तेवढ्या कमी उंचीवर महिनोन्‌महिने बर्फ राहतो, इथे टेबल लँडवर जांभा तापतो.

ही मुलं टात्राची नव्हती, पूर्वेकडच्या सपाट मुलखातली होती, हे विसरून चालणार नाही. आणि त्यांनी पाहिलेला बर्फ फावातच्या कागदावरचा नव्हता. सैबेरियात बर्फाने त्यांची आई, भाऊ, बहीण नेली होती. एकाच पदार्थाची ही दोन रूपं मला पाचगणीत फिरताना सारखी टोचत राहिली. चित्र बर्फाला सुंदर करतं तेव्हा ते खोटं बोलतं का? मला तसं वाटत नाही. टात्राचा बर्फ अगदी नाजूक हाताने रंगवणारे स्तेफान फिलिप्केविच १९४४ मध्ये माउटहाउझेनच्या नाझी छळछावणीत मेले. काय गमावता येतं हे ज्या माणसांना शेवटी स्वतःच्या जिवाने मोजावं लागलं, त्यांनी आधी ते इतकं नीट पाहून ठेवलं होतं. त्या पाहण्यात खोटं काही नाही.

वेण्णेकाठची पहाट

सातारा जिल्ह्यात बर्फ पडत नाही हे खरं. पण महाबळेश्वरला कडाक्याच्या थंडीत एखाद्या पहाटे वेण्णा तलावाच्या काठी, लिंगमळ्याच्या बाजूला, गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर बसतो. वर्तमानपत्रांत 'हिमकण' म्हणून बातमी येते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर उष्णता वर फेकत राहते. थंड हवा जड, ती उतारावरून घरंगळत तलावाच्या खोलगट भागात साचते. बाजारपेठेत पारा काही अंशांवर असतो तेव्हा काठच्या गवताचं पातं शून्याखाली गेलेलं असतं आणि त्यावरचं दव गोठतं. पर्यटकांना मौज वाटते. स्ट्रॉबेरीवाल्यांचा जीव मात्र टांगणीला लागतो, कारण पानं करपतात. मल्चिंगचा कागद अंथरलेले गादीवाफे उजाडायच्या आत निरखत फिरणारा एक शेतकरी मला म्हणाला, "तुम्ही पांढरं बघा. मी दुपारी काळं बघतो."

सांगलीकडची चित्रकलेची सात-आठ मुलं आणि त्यांचे सर मुक्कामी आले होते, या थरासाठीच. आदल्या रात्री मी त्यांच्या खोलीत दोन्ही प्रती भिंतीला चिकटवल्या होत्या. पहाटे बोटं आखडलेली, जलरंगाचं पाणी बर्फासारखं गार. सरांनी एकच अट घातली होती, रंगपेटीतला पांढरा आणि काळा दोन्ही बंद. सूर्य डोंगराआडून वर यायला थोडाच अवकाश होता आणि वर आला की दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओलं गवत होणार होतं. मुलं भराभर हलक्या छटा टाकत होती, कागद राखत होती, एकमेकांच्या कागदांत डोकावत होती.

एका मुलीने गवताच्या सावलीत कोबाल्ट निळा घातला, थांबली, खाली वाकून परत पाहिलं.

"सर, फावातची सावली निळी आहे. इथली जांभळी दिसतेय."

"खालची माती लाल आहे ना," सर म्हणाले. "क्रिमसन घे थोडा. लवकर कर, ऊन आलं."